तिसरं अंडं

माझ्या सख्ख्या मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो नाही, कारण स्कॉटलंडमधलं एक अंडं अजून फुटायचं होतं.

अंडं आमचं नव्हतं. ते एका घारीचं होतं. मासे धरून खाणारी ही घार, इंग्रजीत ऑस्प्रे. तिथल्या एका तळ्याकाठच्या झाडावर तिचं घरटं आणि घरट्यावर कॅमेरा. चोवीस तास तिचं सगळं जगाला दिसतं. (तशाच घारी हिवाळ्यात आमच्या भंडाऱ्याच्या तलावांवरही येतात. त्यांच्याकडे मान वर करून बघायला आमच्या गावात, आंधळगावात, कुणाला वेळ नाही.) आमची मुलगी प्राजू तिकडे नोकरीला. दोन वर्षांत घरी आली नव्हती. आई दिवसातून चार वेळा फोन करून "कधी येतेस?" विचारायची, म्हणून तिने हे घरटं आमच्या टीव्हीवर लावून दिलं. आईचं मन रमावं, एवढाच बिचारीचा हेतू.

मन असं रमलं की माझे हाल सुरू झाले. सुमन, म्हणजे माझी बायको, त्या घारीचं बाळंतपणच करायला बसली. घारीवर पाऊस पडला की इकडे मे महिन्यात हिलाच हुडहुडी भरायची. नर घार मासा घेऊन आला की मला दुकानातून हाक.

"पाहा जी, कसा आणून देते. न सांगता."

"अवो, मुंडकं आधीच खाऊन आला ना तो."

"बाकीचं तर आणलं. तुमी बाजारातून येताना अर्धे भजे रस्त्यातच संपवता."

कोसा रेशमाच्या साड्या विकणाऱ्या माणसाने पक्ष्याशी बरोबरी करावी तरी किती?

अंडी तीन होती. दोन फुटली, तिसरं राहिलं. त्याच सुमारास सुमनने पुन्हा "कधी येतेस?" विचारलं आणि ऑफिसच्या घाईत असलेली प्राजू बोलून गेली, "आई, तिसरं अंडं फुटलं का त्या दिवशी टिकट काढते." पोरीने मस्करी केली होती. आईने तो कोर्टाचा निकाल मानला. त्या दिवसापासून ते अंडं म्हणजे आमच्या पोरीचं घरी येणं झालं.

आणि नेमकं मेहुणीकडचं, साकोलीचं लग्न आलं.

"तुमी घरीच थांबा," सुमन म्हणाली.

"काहून? माझ्याही साळीची पोरगी आहे ना ते."

"लग्नात एक माणूस कमी असला तर चालन. अंड्याजवळ कोणीतरी पायजे."

गुरुवारी सकाळी ती बसने गेली. मी दुकान बंद ठेवून टीव्हीसमोर बसलो. खरंच बसलो होतो. पण दुपारी बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसेना, घरात कूलरचा गार वारा आणि समोर एक घार, जी हलत नाही, बोलत नाही, नुसती बसून आहे. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली ती फोनने. पाच वाजले होते.

"फुटलं का जी?"

मी टीव्हीकडे पाहिलं. घार पंख पसरून बसलेली, खालचं काही दिसेना. मी विचार केला, आणि तो विचार आजही मला चांगलाच वाटतो. मी झोपेत असताना अंडं फुटलं असेल आणि मी नाही म्हटलं, तर झोपलो हे पकडलं जाणार. फुटलं नसेल आणि मी हो म्हटलं, तर उद्यापर्यंत फुटेलच की!

"फुटलं," मी म्हणालो.

"केव्हा?"

"सव्वातीनले." (नेमकी वेळ सांगितली की लोक विश्वास ठेवतात, हा दुकानातला अनुभव.)

"कसं आहे?"

"बापावर गेलं आहे."

मग ती म्हणाली, "बरं. मंग सोमवारी पाचवी येते. मी सोमवारीच येते. घुगऱ्यासाठी चने भिजवून ठेवा."

शुक्रवारी घार उठलेली दिसली. दोन पिल्लं आणि एक अंडं. शनिवारी दोन पिल्लं आणि एक अंडं. मी टीव्हीसमोर उभा राहून त्या अंड्याला हात जोडले. संध्याकाळी सुमनचा फोन आला, मागे लग्नघराचा गलका.

"तिसरं खाते का?"

"दोघाइच्या आधी चोच उघडते."

"डोळे कसे आहेत?"

"टपोरे."

"आवाज?"

मी फोनवर आवाज काढून दाखवला. का काढला, मला विचारू नका.

रविवारी मी परातीत चणे भिजवत होतो तर शेजारच्या रत्नाकाकू आल्या. पायलीभर चणे आणि धुऊन ठेवलेला पाटा-वरवंटा बघून त्यांनी विचारलं, "कोनाची पाचवी व बाप्पा?" बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी आमच्याकडे पाटा मांडून सटवाई पुजतात, बाळाचं नशीब चांगलं लिही म्हणून. आता घारीची पाचवी आहे हे कुठल्या तोंडाने सांगू? मी म्हणालो, "तिकडची आहे, स्कॉटलंडची." काकू एकदम गंभीर झाल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून "होते बाबू असं, आजकाल चालते" म्हणाल्या आणि गेल्या. तासाभराने अर्ध्या गल्लीला माहीत झालं की प्राजूला लग्नाआधी बाळ झालं, आणि तरी बाप मोठ्या मनाने पाचवी करतो आहे. दोन बायका झबली देऊन गेल्या. मी ती घेतली. नाही म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

सोमवारी सुमन आली ती एकटी नाही. मेहुणी आणि लग्नघरातल्या चार बायका सोबत. रत्नाकाकूंनी आणखी सहा आणल्या. टीव्हीसमोर पाटा मांडला, हळदकुंकू आलं. बाळाऐवजी पडद्यावर घार बघून रत्नाकाकूंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. (प्राजूच्या चारित्र्यावरचं संकट तिथंच टळलं, एवढं तरी चांगलं झालं.) तेवढ्यात नर मासा घेऊन आला आणि घार उठून बाजूला झाली. तेरा बायकांच्या समोर दोन पिल्लं आणि एक अंडं. गुळगुळीत, अखंड.

"तिसरं कुठे जी?" सुमनने शांतपणे विचारलं.

"तेच... पुन्हा आत गेलं असन."

मेहुणी पदराने तोंड झाकून हसू लागली. सुमन वरवंट्याला कुंकू लावत म्हणाली, "गुरवारी संध्याकाळीच पाह्यलं मी. नवरीच्या मोबाईलवर. तिच्या हाताले मेंदी होती, मीच पकडून बसली होती."

"मंग चार दिवस मले काहून इचारत होती? आवाज कायले काढाले लावला?"

"फोन सगळ्यायले ऐकू जाऊन राहिला होता. लग्नात तेवढीच करमणूक."

"आनि मले बोलली काहून नाही?"

"तुमाले बोलून काय होते? प्राजूले बोलली. म्हटलं, बाबाने सवतःच्या डोळ्याने पाह्यलं. तिने शनिवारीच टिकट काढलं."

माझ्या हातातून घुगऱ्यांची वाटी निसटली.

जूनमध्ये प्राजू आली. दोन वर्षांत तिच्या आवडीचा एकेक रंग दुकानात बाजूला काढून ठेवला होता, त्या सगळ्या साड्या तिच्यापुढे टाकल्या. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, अंडं फुटलं नव्हतं ते मले माहीत होतं. मीबी पाहतच होती."

"मंग टिकट काहून काढलं?"

"तुमी आजवर मले कधी खोटं बोलले नाही. म्हटलं, बाबा माझ्यासाठी खोटं बोलले म्हंजे त्याइले माझी भल्ली आठवण येऊन राहिली असन." तिचे डोळे भरून आले होते. "मंग राहवलंच नाही."

माझेही भरून आले, आणि ते अगदी खरं होतं. त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं, की पोरी, मी झोपलो होतो. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "बाप आहे ना मी."

स्वयंपाकघराच्या दारात सुमन उभी होती. त्या गुरुवारी फोनवरचा माझा झोपेतला आवाज तिनेच ऐकला होता. प्राजू परत गेली त्यालाही आता बरेच महिने झाले. पण हल्ली आमचं भांडण रंगात आलं आणि मी जिंकायच्या बेतात असलो, की ती नुसतं विचारते, "प्राजूले फोन लावू का?" आणि मी उठून भांडी घासायला घेतो.