काकांनी मला दुरुस्तीला घेतलं

आमच्या कंपनीतले मेंटेनन्सचे काका म्हणजे अख्ख्या चाकण एमआयडीसीत माणसाचा बिघाड कानाने ओळखणारा एकमेव माणूस, असं मी छातीठोकपणे सांगते, आणि मी सहसा काहीच छातीठोकपणे सांगत नाही. यंत्राच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि आतलं कोणतं बेअरिंग पंधरा दिवसांत जाणार ते सांगायचं, ही त्यांची ख्याती होती. माणसांना ते स्क्रूड्रायव्हर लावत नसत, एवढाच फरक. जिन्यावरची पावलं, कप टेबलावर ठेवल्याचा आवाज, फोनवरचं ‘येस सर’ एवढ्यावर त्यांचं भागायचं. क्वालिटीतल्या एका मुलाला त्यांनी कँटीनमध्ये पोळी चावताना नुसतं ऐकलं आणि म्हणाले, “भावा, तू झोपत न्हाईस.” तो मुलगा घास तसाच तोंडात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. दुपारी काकांनी त्याच्या साहेबाला सांगून त्याला घरी पाठवलं आणि स्वतःच्या डायरीत त्याच्या नावापुढे लिहिलं: ‘व्हायब्रेशन. दोन दिवस बंद.’

ही डायरी हे त्यांचं खरं वेड. आमच्याकडे प्रत्येक यंत्राचं एक कार्ड असतं. कधी तेल बदललं, कधी बंद ठेवलं, काय मोडलं, सगळं त्यावर. काकांनी तीच पद्धत माणसांना लावली होती. पन्नास-साठ जणांची पानं होती आणि प्रत्येक पानावर एक रकाना होता: ‘शेवटचा पूर्ण बंद.’ कॉरिडॉरमध्ये गाठून ते विचारायचे, “शेवटचा बंद कधी व्हतास?” कुणी म्हणालं की गेल्या महिन्यात लग्नाला गेलो होतो, तर पुढचा प्रश्न यायचा, “फोन उचलला व्हतास का तिथं?” उचलला असेल तर ती सुट्टी धरली जायची नाही. एकाची तर त्याच्याच साखरपुड्याची सुट्टी त्यांनी धरली नव्हती, कारण अंगठी घालताना तो फोनवर स्टॉक सांगत होता.

एचआरने एकदा ताण कसा कमी करावा यावर सत्र ठेवलं. जनरल शिफ्ट सुटल्यावर, संध्याकाळी सहा ते आठ, हजेरी सक्तीची. बाई स्क्रीनवर सूर्यास्ताचं चित्र दाखवून खोल श्वास घ्यायला सांगत होत्या. बाहेर खरा सूर्यास्त चालला होता आणि आमच्या बसेस निघून गेल्या होत्या. काका उठून उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, “म्याडम, मशीन गरम झालं तर आमी त्येला भाषण देत न्हाई. बंद करतो.” त्यानंतर त्यांना लेखी समज मिळाली. ती त्यांनी वर्कशॉपच्या भिंतीवर, ग्रीसच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवली.

मी प्लॅनिंगमध्ये आहे. कोणता माल कधी बनवायचा आणि कोणत्या गाडीत घालायचा, हे ठरवण्याचं काम. रावेतहून आमची बस निघते, मोशीला काका चढायचे. जन्मापासून ते मोशीचेच. मी खिडकीशी बसते आणि बोलत नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी लोकांना पुस्तकातलं वाटतं, आणि हसं होण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, असं मला वाटत आलंय. काकांनाही माझं मौन मान्य होतं. त्यांनी त्या बसमध्ये एक कायदा केला होता: परतीच्या वाटेवर कामाचं बोलेल त्याने उद्या डब्यात काय आणणार ते मोठ्याने सांगायचं. सगळ्यांच्या घरची दुधी भोपळ्याची वारंवारता मला त्यातूनच कळली.

मग आमच्या एका मोठ्या ग्राहकाकडे सोमवारी माल कमी पडला. प्लँट हेडसाहेबांनी फोनवर शब्द दिला की यापुढे रविवारीही गाडी पोचेल. रविवारची गाडी म्हणजे रविवारचा प्लॅन, आणि रविवारचा प्लॅन म्हणजे मी. सात महिने मला रविवार नव्हता. सुरुवातीला अभिमान वाटायचा. नंतर मी आंघोळ करताना फोन साबणाच्या जागी ठेवू लागले. एकदा आईने विचारलं, भात वाढू का, तर मी म्हणाले, “चेक करून सांगते.” आई हसली, मी हसू शकले नाही. हे काम मला मनापासून आवडायचं, ही माझी पहिली नोकरी, आणि तरीही मी फोनमध्ये राजीनामा लिहून ठेवला होता. सोमवारी पाठवायचा, असं ठरवलं होतं. कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारी चार वाजता काका माझ्या टेबलाशी आले. मी टाइप करत होते. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, “पोरी, हे लई वाजतंय. उठ.” मी उठले. त्यांनी माझा लॅपटॉप मिटला, शेजारच्या लोखंडी कपाटात ठेवला आणि कडीला लाल कुलूप घातलं.

ते लाल कुलूप काय असतं, हे सांगायला हवं. यंत्र दुरुस्तीला घेतलं की मेंटेनन्सचा माणूस मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो. आत कुणाचा हात असताना बाहेरून कुणी बटण दाबू नये म्हणून. किल्ली त्याच्याच खिशात. ज्याने लावलं त्यानेच काढायचं, दुसऱ्या कुणी नाही, मालकानेसुद्धा नाही. प्लँट हेडसाहेबांनी आठच दिवसांपूर्वी सगळ्या कामगारांसमोर हा नियम पाळण्याची शपथ स्वतः वाचली होती. कुलपाला पिवळी पाटी असते. काकांनी तिच्यावर यंत्राच्या नावाच्या जागी माझं नाव लिहिलं, आणि खाली छापलेलं होतंच: ‘दुरुस्ती चालू आहे. सुरू करू नये.’

पाच मिनिटांत साहेब खाली आले. त्यांच्यामागे सुपरवायझर, आणि सुपरवायझरमागे अर्धी शिफ्ट.

“काका, हा लॅपटॉप आहे. प्रेस मशीन नाही.”

“पाटी बघा साहेब. लॅपटॉपचं नाव न्हाई त्यावर.”

“उद्याच्या गाडीचा प्लॅन कोण देणार?”

“ते मला कसं कळंल? मी मेंटेनन्सचा.”

मागून कुणीतरी खोकलं. साहेबांनी कुलपाकडे पाहिलं, कामगारांकडे पाहिलं. कुलूप तोडलं असतं तर त्या शपथेवर पुन्हा कुणीच विश्वास ठेवला नसता, हे त्यांना कळत होतं. शेवटी उद्या गाडीला उशीर होईल, हे कळवायला त्यांनी ग्राहकाच्या स्टोअरला, म्हणजे माल उतरवून घेणाऱ्या गोदामाला, फोन लावला. शॉपच्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला.

“उशीर?” पलीकडचा माणूस म्हणाला. “उद्या कोण घेतंय साहेब? रविवारी आमचं स्टोअर बंद असतं. तुमची गाडी गेटवर उभी असते, सोमवारी अकराला आत घेतो आम्ही.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. सोमवारी सकाळी आठला निघालात तरी चालेल की.”

सात महिने मी त्या गाडीसाठी उठत होते, आणि गाडी एका बंद फाटकाबाहेर उभी राहत होती. साहेबांनी फोन खिशात ठेवला. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“काका, तुम्हाला हे माहीत होतं?”

“ड्रायव्हर सांगायचे. रविवारी गेटाबाहेर झाडाखाली अंडाकरी करत्यात. तुमाला दोनदा सांगितलं. तुमी म्हणालात, काका, तुम्ही मशीनचं बघा.” काकांनी पिवळ्या पाटीकडे बोट केलं. “मग मशीनचं बघितलं.”

सगळ्यात आधी साहेबच हसले. मग जे हसू फुटलं ते पार प्रेस शॉपपर्यंत गेलं. रविवारची गाडी तिथल्या तिथे बंद झाली, तिच्यासाठी येणारी शिफ्टही. लोडिंगची माणसं एकमेकांना टाळ्या देत होती, एकाने तर घरी फोन लावून उद्या मटण आणायला सांगितलं. मी बसमध्ये बसले आणि तो राजीनामा पुसून टाकला. काका पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

ते निवृत्त झाले त्या समारंभात सगळे बोलले, मी नाही. माझ्या हातात कागद होता, शुद्ध मराठीत लिहिलेला, तो मी पर्समध्ये परत ठेवला. मग एका रविवारी धीर करून, न कळवता, मोशीला त्यांच्या घरी गेले. काकू म्हणाल्या, “बरं झालं आलीस. घरातलं सगळं दुरुस्त करून झालंय, आता माझ्या गुडघ्याला कान लावून बसत्यात.” काका अंगणात मटार सोलत होते. स्वतः अंगाने बऱ्यापैकी वाळले होते. “लई दिस बंद ठिवलं की गंज चढतो गं,” म्हणाले आणि अर्धी टोपली माझ्याकडे सरकवली. कंपनीचं त्यांनी काहीही विचारलं नाही. उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिघं सोलत बसलो. त्यांचे आभार मानायला गेले होते, ते राहूनच गेलं. पुढच्या रविवारी मानीन. आता रविवार आहेत माझ्याकडे.