उजवा पंख

सदोबा सुताराला काही करायला सांगितलं की तो आधी त्या वस्तूभोवती तीन फेऱ्या मारायचा. बाजारात बैल घेणारा मारतो तशा. मान तिरकी, एक डोळा बारीक, गालात तंबाखू. फेऱ्या झाल्या की वस्तूला हात लावायचा, आणि मग कुठे कानामागची पेन्सिल खाली यायची. वस्तू समोर नसली तर काम नाही. "पाह्यल्याबिगर माया हात चालत नाई, गुर्जी," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

मी त्या गावच्या शाळेवर हेडमास्तर म्हणून गेलो तेव्हा मला बसायला खुर्ची नव्हती. गाव जऊळक्याच्या स्टेशनापासून दोन कोस आत. मी सदोबाला बोलावलं आणि खुर्ची कशी हवी ते फळ्यावर काढून दाखवलं. चित्र काढण्यात मला गती आहे, आणि तेव्हा मी ते कुणाला विसरू देत नसे. सदोबाने फळ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाला आणि दोन दिवस गायब. तिसऱ्या दिवशी उगवला तो थेट वाशीमहून. तिथे एका कचेरीत शिरून कारकुनाच्या खुर्चीभोवती फेऱ्या मारून आला होता. "मागच्या पायाले बाक असते," तो भर वर्गात म्हणाला, "थे तुमी काढलीच नाई. पडले असते ना बापा उताने!" पोरं खिदळली. मी चिडलो. पण खुर्ची अशी झाली की माझी बदली होईपर्यंत कधी कुरकुरली नाही.

त्याला एकच लेक, चंद्री, चौदा वर्षांची. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले होते. दिवसभर ओसरीवर बाजेवर पडलेली असायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. जे तिला जाऊन पाहता येत नव्हतं ते सदोबा लहान करून घरी आणायचा. जऊळक्याचं इंजिन, शिरपूरच्या जैन मंदिराचं शिखर, पाणी ओढणारी मोट, सगळं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडात. सुताराचा गज चोवीस तसूंचा असतो. मोठ्या वस्तूचा एक गज म्हणजे तिच्या वस्तूचा एक तसू, हा त्याचा नेम. रंगही डोळ्यांनी पारखलेले. एकदा इंजिनाचा काळा रंग जुळेना म्हणून तो पुन्हा स्टेशनावर गेला होता, आणि येताना बोट काजळीत बुडवून, तसंच उभं धरून आला होता. मी म्हटलं, "सदोबा, काळा तो काळाच." तो म्हणाला, "तुमचा फळाबी काळाच हाये, गुर्जी. इंजिन हाये का थो?"

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत एका सकाळी नाल्याकाठच्या शेतात लष्कराचं विमान उतरलं. उतरलं कसलं, घसरत आलं. पोट जमिनीत रुतलं, डावा पंख वर राहिला आणि उजवी बाजू नाल्याच्या चिखलात, बाभळींमध्ये गेली. चालवणारा गोरा पोरगाच होता. पाय मुरगळला होता म्हणून पाटलांनी त्याला निंबाखाली बसवून दूध पाजलं. सगळा गाव लोटला. सदोबा गज घेऊन धावला, आणि आम्ही नुसते तोंडं उघडी टाकून उभे असताना त्याने डावी बाजू नाकापासून शेपटीपर्यंत मापून काढली. तो पोरगा हसत होता. रंगाचा एक टवका निघाला होता तोही सदोबाने पटक्यात खोचला. मात्र फेरी अर्धीच झाली. उजवीकडे वळणार तोच शिपायांची मोटार आली, दोर बांधले गेले, लोकांना हाकललं. दोन दिवसांनी ताडपत्री घालून, सुटं करून त्यांनी विमान स्टेशनाकडे नेलं.

महिनाभरात चंद्रीच्या मांडीवर विमान आलं. काय सांगू तुम्हाला! अंगावर हिरवे आणि मातकट पट्टे, त्या टवक्याशी ताडून पाहिलेले. हिरवा रंग त्याने बैलांच्या शिंगांना लावतात त्या निळ्या रंगात हळद कालवून साधला होता. पंखावर तांबडा, पांढरा, निळा गोल. नाकावरचं पातं फुंकर मारली की गरगरायचं. आणि पंख एकच, डावा. उजवीकडे कापल्यासारखं सपाट लाकूड.

"बा," चंद्रीने विचारलं, "थो गोरा वर चढला कुठून? इकडून तं पायरीच नाई."

"असंन उजवीकून. म्या पाह्यलं नाई."

"मंग पाहून ये ना. पायरी नसली तं माणूस चढंन कसा?"

ती हे का विचारते आहे ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मी म्हटलं, "सदोबा, दोन्ही बाजू सारख्याच असतात. डाव्यासारखा उजवा कर आणि लाव एक पायरी." तो माझ्यावर उखडलाच. "माये दोन बैल एका जोडीचे हायेत. सारखे हायेत का? तिले खोटं दाखवू काय मी?"

तेव्हा मला अवदसा आठवली. म्हटलं, लष्कराच्या कचेरीला अर्ज करू, मी लिहितो. सदोबाला फक्त एवढंच विचारायचं होतं, की उजवीकडे चढायला पायरी आहे का, आणि असल्यास कशी. दोन ओळींचं काम. पण मी कसला दोन ओळींत थांबतोय! इंग्रजीत चार पानं लिहिली, आणि सोबत सदोबाच्या मापांवरून डाव्या बाजूचा नकाशा काढला, शाईने, प्रत्येक रेघेवर आकडे टाकून. वाटलं, एखादा साहेब पाहील आणि म्हणेल, खेड्यात कुणी तरी हुशार माणूस दिसतोय. खाली सदोबाचा अंगठा घेतला.

उत्तर आलं ते तालुक्याच्या ठाण्यातून. फौजदार आणि दोन शिपाई.

"विमानाची मापं कशाला पाहिजेत रे? कुणाला पाठवतोस?"

"पोरीले दाखवतो, सायेब."

"कोण पोरगी?"

सदोबाने बाजेकडे बोट केलं. फौजदाराने पाहिलं, जरा चुळबुळला, पण वरून हुकूम होता. गज घेतला, लाकूड कोरायच्या पटाशा घेतल्या. शिपायाने चंद्रीच्या मांडीवरचं विमान उचललं. पोरगी रडली नाही. एवढंच म्हणाली, "सांभाळून न्या हो भाऊ. शेपटी कालच पुन्हा डकवली हाये, सरस वला हाये अजून."

ठाण्यात आम्हा दोघांना एका बाकावर बसवलं. फौजदाराने माझा नकाशा टेबलावर पसरला. "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

माझी नोकरी सरकारी. घरी म्हातारी आई, दोन लहान मुलं. हे सगळं मला त्या क्षणी आठवलं असेल, नसेल. आता सबबी सांगून काय होणार? मी म्हणालो, "त्याने सांगितलं तसं मी काढलं, साहेब."

सदोबाने माझ्याकडे पाहिलं. मान तिरकी, एक डोळा बारीक. मग फौजदाराकडे वळून म्हणाला, "हो सायेब. म्याच सांगतलं सारं. गुर्जीनं निस्ता हात चालवला."

मला त्याच दिवशी सोडलं. मी गावात आलो, सदोबाच्या घरी गेलो. चंद्रीची आई दारातच उभी होती. "तुमी आले," ती म्हणाली. "थे काहून नाई आले?" मी म्हटलं, येतील उद्यापर्यंत. ती आत निघून गेली. त्यानंतर ती बाई माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

सदोबा सहा दिवस आत होता. तिसऱ्या दिवशी चंद्रीला ताप भरला. मी रोज जायचो, ओसरीच्या पायरीवर बसायचो. तीही रोज विचारायची, "गुर्जी, बा उजवीकून पाहाले गेला ना?" मी हो म्हणायचो. वाशीमचा डॉक्टर आणला. त्याने नाडी पाहिली आणि मला बाजूला घेऊन मान हलवली.

सातव्या दिवशी दुपारी सदोबा चालत आला. हात रिकामे होते. विमान ठाण्यातच ठेवून घेतलं होतं, हत्यारंही. चंद्रीने डोळे उघडले.

"बा, दिसली का उजवी बाजू?"

"दिसली ना वं माय. तथी सायेबापाशी फोटू होता. मस्त पाह्यली."

तो उठला, शेजाऱ्याकडून विळा आणि एक पटाशी मागून आणली आणि पांगाऱ्याचा तुकडा घेऊन माझ्याशेजारी बसला. फेऱ्या नाहीत, माप नाही, पेन्सिल नाही. सरळ लाकडात पटाशी घातली. तेव्हाच मला कळलं की फोटो वगैरे काही नव्हता. मला त्याची माफी मागायची होती. मी नुसता ढलप्या गोळा करत बसलो.

दिवस कलायच्या आत वीतभर लांब पंख तयार झाला. मुळाशी, जिथे तो विमानाला जोडला जातो तिथे, दोन इवल्या पायऱ्या. रंग द्यायला वेळच नव्हता. त्याने तो तिच्या हातात ठेवला. तिने बोटं फिरवली, पायऱ्यांपाशी थांबली.

"डाव्यासारखाच हाये का?"

"नाई. येगळा हाये."

"म्या म्हन्लं होतं ना." ती हसली. "दोन पायऱ्या. लहान-लहान हायेत."

"लहानच असते. ज्याले पाय उचलता येत नाई त्याच्यासाठी करते थे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पंख मुठीत होता. आईने सोडवायचा प्रयत्न केला तेव्हा सदोबा म्हणाला, "राहू दे." नाल्याच्या काठी, त्या शेताच्या अलीकडेच, त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे तिला पुरलं. पंख तिच्याबरोबर गेला.

लढाई संपल्यावर बऱ्याच दिवसांनी ठाण्याचा एक शिपाई शाळेत गाठोडं देऊन गेला. गज, पटाशा आणि ते एका पंखाचं विमान. शेपटीला ठाण्याच्या नंबराची चिठ्ठी बांधलेली. मी ते घेऊन सदोबाकडे गेलो. जाताना सगळं ठरवून ठेवलं होतं. ठाण्यात मी खोटं बोललो, तू माझ्यामुळे आत राहिलास, तिचे शेवटचे दिवस माझ्यामुळे तुझ्याविना गेले, हे सगळं सांगायचं. ओसरीवर बसलो आणि निम्मं बोललो तोच त्याने हात वर केला. "माईत हाये मले, गुर्जी. तथीच बसलो होतो ना मी बाकावर." एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्याने विमान जमिनीवर ठेवलं आणि त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. किती तरी दिवसांनी. मला आशा वाटली. मी म्हटलं, "सदोबा, आता उजवा पंख करून टाक. मी मोठ्या गावाहून पुस्तक मागवतो, त्यात चित्रं असतात. पाहून कर."

त्याने खाली बसून विमान उचललं, शेपटीची चिठ्ठी सोडली, पदराने पुसावं तसं धोतराच्या सोग्याने पुसलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"उजवा केला हाये, गुर्जी," तो म्हणाला. "थो तिच्यापाशी हाये. पायऱ्या त्यालेच हायेत. दुसरा करून कोनाले चढवू?"

सदोबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. विमान माझ्याकडे आहे, त्याने केलेल्या खुर्चीसारखंच पक्कं. नातवंडं ते उजव्या बाजूने धरतात, सपाट लाकडावर बोट ठेवून विचारतात, आजोबा, इथला पंख कुठे आहे? मी नाकावरच्या पात्यावर फुंकर मारतो. ते गरगरलं की पोरं प्रश्न विसरतात.