पहिल्या दोन दिवसांचा दम

वर पोचल्यावर पहिले दोन दिवस दम लागतो. आमच्या गावात कोणालाही विचारा. आमचं गाव म्हणते खरं, पण ते आमचं हिवाळ्यापुरतंच. नोव्हेंबर संपत आला की मिशिगनमधलं नोव्हायचं घर बंद करायचं, गाडीत तांदूळ, डाळी, कुकर आणि गोडा मसाला भरायचा आणि कोलोरॅडोच्या डोंगरात, स्कीइंगच्या एका छोट्या गावात जाऊन राहायचं. एप्रिलमध्ये बर्फ वितळून चिखल झाला की परत. हे खूळ माझ्या नवऱ्याचं. नागपूरच्या उन्हात वाढलेला माणूस, जन्मभर मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, आणि रिटायर झाल्यावर म्हणे स्की शिकतो. मी म्हटलं, "अहो, या वयात लोक गुडघे बदलून घेतात, तुम्ही मोडून घ्यायला निघालात." पण ऐकतील तर ते हे कसले.

गुडघे मोडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. हे चांगले शिकले. मग लिफ्टच्या पायथ्याशी लाल जाकीट घालून लोकांना रस्ता दाखवायची नोकरी धरली, कारण तिथे काम केलं की सीझनचा पास फुकट. मीही घरात बसून काय करू म्हणून हरवलेल्या वस्तूंच्या काउंटरवर लागले. दिवसभर माझ्यापुढे एका एका हाताचे ग्लोव्हज यायचे. जोडीतला दुसरा शोधायला फारसं कोणी यायचं नाही. संध्याकाळी हे विचारायचे, "आज किती हात आले?" आणि स्वतःच हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही, पण ह्यांना हसताना बघून मीही हसायचे.

मी कधी स्कीजवर पाय ठेवला नाही. मी आपली खाली थर्मास घेऊन उभी. हे वरून एवढासा ठिपका होऊन यायचे, समोर येऊन बर्फ उडवत थांबायचे आणि चहा मागायचे. सीझनच्या शेवटच्या दिवशी गावातले लोक चित्रविचित्र कपडे घालून स्की करतात. कोणी सूट घालतं, कोणी अस्वल होतं. हे हेल्मेटवर भगवा फेटा बांधायचे. म्हणजे मीच बांधायचे, हे नुसते मान ताठ करून खुर्चीत बसायचे, आमच्या लग्नात बसले होते तसे. सगळं गाव ह्यांना त्या फेट्यावरून ओळखायचं. वर्षभर ह्या माणसाची नजर त्या एका दिवसाकडे असायची.

तर दम. पहिल्याच वर्षी जिना चढून वरच्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटपर्यंत जाताना दोघांनाही धाप लागली. खालच्या मजल्यावर एक म्हातारी अमेरिकन बाई राहते, तिचा जन्मच त्या गावातला. ती दारातून म्हणाली, "भरपूर पाणी प्या, तिसऱ्या दिवशी जाईल." आणि खरंच गेली. ह्यांना तर शास्त्र सांगायला निमित्तच लागायचं. "अगं, इथे हवेचा दाब कमी. म्हणून तर तुझी डाळ कुकरशिवाय शिजत नाही. जिथे डाळीचं हे, तिथे माणसाचं काय." पुढे ते आमचं ठरूनच गेलं. पोचायचं, दोन दिवस पाणी पीत पडून राहायचं, डोकं दुखलं तर गोळी घ्यायची, आणि एकमेकांना सांगायचं, ऑल्टिट्यूड आहे, होईल बरं.

ह्यांचे दोन दिवसांचे चार कधी झाले, मला सांगता येणार नाही. मग आठवडा झाला. आम्ही म्हटलं, वय झालं. मग एका वर्षी नाताळ आला तरी हे जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून खिडकीबाहेर बघायचे. मला वाटायचं, डोंगर बघतायत. दोनदा म्हणालेसुद्धा, "काय सुंदर दिसतंय बघ." मी हातात पिशव्या घेऊन मागे उभी, म्हटलं, "घरात गेल्यावर खिडकी नाहीये का? चला आता." खालच्या बाईने बोटाला लावायचं यंत्र आणून दिलं, ऑक्सिजन मोजायचं. ह्यांचा आकडा कमी आला. पण तिथे सगळ्यांचाच कमी येतो, माझाही कमीच होता, तिचाही. आम्ही तिघं आकडे एकमेकांना दाखवत चहा प्यायलो.

आणि दरवर्षी एप्रिलमध्ये खाली उतरलो की ह्यांना बरं वाटायचं. हीच तर मेख होती. डेन्व्हर आलं की हे गाडीची काच खाली करायचे, छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "बघ, डोंगरच होता." घरी आल्यावर फॅमिली डॉक्टरकडे जायचं आठवायचं कोणाला? दुखणं वरच राहिलं, असं आम्ही समजायचो.

मुलगी बेलव्ह्यूला असते. तिला फोनवरून कळलं, मला एका घरात राहून कळलं नाही. गेल्या फेब्रुवारीत बोलता बोलता तिने विचारलं, "बाबा, आर यू वॉकिंग? तुम्हाला इतका दम का लागलाय?" हे सोफ्यावर बसले होते, पाय वर घेऊन. म्हणाले, "हो गं, जिना चढतोय." आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मी हसले. पण फोन ठेवल्यावर मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "अहो, खोटं का बोललात?" तर म्हणाले, "उगाच काळजी करेल. एप्रिलमध्ये खाली जाणारच आहोत की."

एप्रिलपर्यंत थांबणं झालं नाही. मार्च संपता संपता ह्यांना लाल जाकिटाची चेनसुद्धा एका दमात ओढता येईना. नखं निळसर दिसायला लागली. गावातल्या क्लिनिकमधल्या डॉक्टरने ऑक्सिजन लावला आणि म्हणाला, आजच खाली जा, पुढच्या तपासण्या तिथे करा. सीझन संपायला थोडेच दिवस राहिले होते. हे म्हणाले, "शेवटचा दिवस होऊ दे. मी वर जाणार नाही, नुसता फेटा बांधून खाली उभा राहीन तुझ्याबरोबर." इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने माझ्याजवळ हट्ट केला नव्हता असं नाही, पण विनवणी केली नव्हती. मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "फेटा पुढच्या वर्षी बांधू. आत्ता गाडीत बसा."

डोंगरातल्या रस्त्यावर मी तोवर कधी ड्राइव्ह केलं नव्हतं. एका बाजूला दरी, एका बाजूला बर्फाची भिंत, आणि शेजारी हे, नाकाला नळी लावलेले. हे मात्र मला शिकवत होते, सारखा ब्रेक दाबू नको, गिअर खाली घे. जसजसं उतरत गेलो तसतसा ह्यांचा आवाज मोकळा होत गेला. डेन्व्हर आलं तेव्हा ह्यांनी नळी काढून काच खाली केली. म्हणाले, "बघ, डोंगरच होता." मी देवाचे आभार मानले. खरंच मानले, गाडी चालवता चालवता, मोठ्याने. तिथेच हॉस्पिटलमध्ये जायला हवं होतं, पण ह्यांना घर गाठायचं होतं आणि ह्यांचा चेहरा इतका बरा दिसत होता.

नोव्हायला पोचलो. गराजमधून किचनमध्ये जायला तीन पायऱ्या आहेत. हे कुकरची पिशवी घेऊन त्या चढले आणि शेवटच्या पायरीवर पिशवी बाजूला ठेवून खाली बसले. तोंड उघडं, खांदे वर खाली होत होते. मिशिगनमधलं आमचं ते सपाट गाव, जिथे सायकल शिकवायला पोरांना उतारसुद्धा मिळत नाही. श्वास जरा जागेवर आल्यावर ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आपण आता किती उंचीवर आहोत गं?" ह्यांना चांगलं माहीत होतं. इंजिनिअरच ते.

फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती, कैक वर्षांपासून, असं मोठ्या डॉक्टरने सांगितलं. त्याने विचारलं, दम कधीपासून लागतो? आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "डोंगरावर ना? तो नेहमीच लागतो." डॉक्टरने तेवढं लिहून घेतलं. हे दिवाळीच्या आधी गेले.

या वर्षी मी एकटीच आले, फ्लॅट रिकामा करायला. मुलगी म्हणत होती, मी येते, पण मला कोणी नको होतं. जिना चढताना छाती धडधडायला लागली, मधल्या वळणावर थांबावं लागलं. खिडकीतून डोंगर दिसतो. सुंदर दिसतो, खोटं नव्हते बोलत हे. खालची बाई बाहेर आली, तिने माझा हात हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाली, "भरपूर पाणी पी."

मी पाणी प्यायले. दोन दिवस पडून राहिले, कपाटात फेटा आहे हे माहीत असून कपाट उघडलं नाही. वाटलं, मलाही तेच झालं असेल. खरं सांगायचं तर झालं असतं तरी माझी हरकत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली गेले आणि पिशवी घेऊन वर आले. दार उघडलं, दूध गॅसवर ठेवलं, आणि मग लक्षात आलं की मी मधल्या वळणावर थांबलेच नव्हते. दम गेला होता. बाईने सांगितलं होतं तसा, तिसऱ्या दिवशी. डोंगराचा दम असा जातो. मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले, आणि दूध उतू गेलं तरी मला गॅस बंद करता आला नाही.