मस्कतचं छप्पर, रोह्याचा पाऊस

चाचा बोलायला लागले की आधी उजवा पंजा हवेत आडवा धरायचे. इस्त्री फिरवावी तसा तो सावकाश सरकवायचे आणि म्हणायचे, "असं. एकदम सपाट. तिकडं सगली घरं अशीच."

तिकडं म्हणजे मस्कतला. चाचा मूळचे रोह्याजवळच्या खाडीकाठच्या गावातले. ओमानात त्यांनी वीस वर्षं गोड्या पाण्याचा टँकर चालवला. मी पेणला घरांचे नकाशे काढून देतो. साधा ड्राफ्ट्समन आहे, पण चाचा मला इंजिनेरसाब म्हणायचे आणि मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

दर डिसेंबरात ते सुट्टीवर यायचे. माझ्यासाठी खजुराचा डबा आणायचे आणि टेबलासमोर बसून कोकणाची झाडाझडती घ्यायचे. "तिकडचे डोंगर बघा. स्वच्छ. एक झाड नाय, एक झुडूप नाय. इकडं नुसतं रान माजलंय." परदेशात राहून आलेली अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. पण झाडांना कचरा समजणारा माणूस मी तरी एकच पाहिला.

पावसाचा विषय निघाला की त्यांना विशेष चेव यायचा. "तिकडच्या पावसाला अदब हाय. वर्षातनं दोन-चार दिवस येतो, सलाम करून जातो. तिकडं सलाला म्हणून शहर हाय, तिथं जरा भुरभुर पडली तर लोक गाड्या घेऊन बघायला जातात, चटया टाकून बसतात. इकडला पाऊस म्हणजे जबरदस्तीचा पाव्हणा." उन्हाळ्यात तिकडे नळाला कढत पाणी येतं, हेसुद्धा ते सोय म्हणून सांगायचे. पावसाळ्यात चाची फोनवर "पाऊस लय हाय, काय ऐकू येत नाय" म्हणायच्या. त्यावर चाचांचं मत असं, की बायकांना बोलायचं नसलं की रोह्याला पाऊस पडतो.

एका डिसेंबरात ते चाचींना घेऊनच आले. जुनं कौलारू घर पाडून नवं बांधायचं होतं. पंजा हवेत फिरला. चाची स्टुलावर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "छपराला उतार द्या. आनि पुढं पडवी पायजे, लाकडं सुकत नायत."

"थांब गो," चाचा म्हणाले. "तुला काय म्हाईत? तिकडं पडवी नसते."

मला सगळं दिसत होतं. पंचवीस पावसाळे मी या भागातली घरं बघत आलो आहे. तरी मी एवढंच पुटपुटलो, की इकडे पाऊस जरा जास्त असतो. रोह्यात जन्मलेल्या माणसाला ही माहिती देऊन मी माझं कर्तव्य संपवलं आणि त्यांना हवा तसा नकाशा काढला. तोंडात त्यांचाच खजूर होता.

काम चालू असताना मिस्त्रीनं विचारलं, "पानी जायाचं कुठनं?" चाचांनी मस्कतहून व्हिडिओ कॉलवर कठड्याखाली दोन पाइप टाकायला सांगितले. तिकडे एकच असतो, हेही सांगितलं. मे महिन्यात घर उभं राहिलं. सपाट स्लॅब, वाळूचा रंग, पुढे पडवीच्या जागी मोकळं अंगण. परसातला फणस तेवढा चाचींनी तोडू दिला नाही.

त्याच वर्षी चाचांची नोकरी संपली आणि जुलैच्या सुरुवातीला ते कायमचे घरी आले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की या माणसानं वीस वर्षांत रोह्याचा एकही पावसाळा पाहिलेला नाही. त्यांना दोनच देश माहीत होते, आणि दोन्ही कोरडे. एक मस्कत, दुसरा डिसेंबरातलं रोहा.

आठवड्याभरात त्यांचा फोन आला. "इंजिनेरसाब, लगेच या." मी बाइक काढली, पण नागोठण्याला रस्त्यावर पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पोचलो.

चाचा लुंगी खोचून गच्चीवर उभे होते. फणसाच्या पानांनी दोन्ही पाइप तुंबले होते आणि कठड्याच्या आत पोटरीभर पाणी साठलं होतं. ते खराट्यानं पाणी एका कोपऱ्यात लोटायचे आणि ते सावकाश परत त्यांच्याकडे यायचं. वीस वर्षं वाळवंटात पाणी पोचवणारा माणूस स्वतःच्या घरावरचं पाणी खाली कसं सोडावं याच्या विवंचनेत होता. खाली जिन्यावरून ओघळ वाहत होते. चाचींनी पलंग भिंतीपासून ओढून मधोमध घेतला होता आणि त्यावर कपडे, तांदळाचं पिंप, कुराण ठेवायची लाकडी रेहल, सगळं रचलं होतं.

चाचा ओलेते खाली आले. "तिकडं असं होत नाय," ते मला म्हणाले. जणू पाऊस मीच आणला होता.

चाची फडकं पिळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तिकडचं सांगू नका. वीस पावसाले मी एकटीनं इकडं काढले. पोरं तापानं फणफणलेली, अंगनात पानी, आनि तुमी फोनवर इचारता, जेवलीस का. पाऊस कसा येतो, ते एकदा तरी इचारलंत?"

चाचांनी खराटा दाराशी टेकवला. मग इतक्या हळू बोलले, की मला ते ओठांवरूनच कळलं. "कुठनं येतो?"

चाची उठल्या आणि दाखवत निघाल्या. खाडीकडून तिरका कसा येतो, कुठली भिंत आधी फुगते, वळचण किती पुढे हवी, पडवी कुठल्या अंगाला. मी कागद काढला आणि त्या सांगतील तसं लिहून घेतलं. माझ्या टेपचं दुसरं टोक चाचांनी धरलं होतं. चाची म्हणाल्या, "अजून मागं," की ते निमूट मागे सरकत होते.

पाऊस ओसरल्यावर स्लॅबच्या वर लोखंडी कैच्यांचा त्रिकोणी सांगाडा उभा करून पत्र्याचं उतरतं छप्पर घातलं, पुढे पडवी काढली. चाचा सुधारले, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही नाही. पुढच्या पावसाळ्यात ते पडवीत खुर्ची टाकून बसायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "तिकडच्या लोकांना छप्पर बांधता येत नाय. मीच इंजिनेरला बोललो, उतार पायजे." शेजारी चाची सुकट निवडत असायच्या. एकदा माझ्याकडे बघून त्या नुसत्या हसल्या, आणि ते हसू चाचांनी आपल्या हुशारीच्या खात्यात जमा करून टाकलं.

असे दोन पावसाळे त्यांना मिळाले. मग हृदयाचं निमित्त झालं आणि चाचा गेले. शेवटच्या महिन्यांत ते रोज सकाळी शिडी लावून पन्हळीतली पानं काढायचे, एवढं चाचींनी सांगितलं.

त्यांचा मुलगा आता मस्कतला असतो. गेल्या थंडीत तो माझ्याकडे आला होता, घरावर मजला चढवायचा म्हणून. मोबाइलवर तिकडच्या घरांचे फोटो होते. काचा मोठ्या, छज्जा कुठेच नाही. नकाशाला हात लावण्याआधी मी चाचींना फोन केला.

"त्याला सांगा, जुलैत ये," त्या म्हणाल्या. "मंग बोलू."

मी सांगितलं. त्यानं जुलैची रजा मागितली आहे म्हणे. अजून मंजूर झालेली नाही.