सातव्या नियमावरची रेघ

आमच्या संस्थेच्या अर्जामागे घरभेटीचे नऊ नियम छापलेले आहेत. त्यातल्या सातव्यावर निळ्या शाईची रेघ आहे. जुने अर्ज संपल्याशिवाय नवे छापायचे नाहीत असा आमच्या अध्यक्षांचा खाक्या, त्यामुळे दर अर्जावर ती रेघ मी हातानं मारते. नवीन आलेले लोक विचारतात, इथे काय लिहिलं होतं? मी म्हणते, पाणी. मग त्यांना बसवून सगळं सांगावं लागतं.

संस्था तशी लहान. शालिमार चौकामागे दोन खोल्या, एक पगारी कार्यकर्ता आणि माझ्यासारखे पाच-सहा निवृत्त लोक. नाशिकमध्ये खोली भाड्यानं द्यायची झाली की घरमालक आधी आडनाव विचारतात आणि मग खोली कालच गेली म्हणून सांगतात. ज्यांच्यासाठी खोल्या नेहमी कालच गेलेल्या असतात, त्या मुलींना आम्ही वसतिगृहात जागा देतो आणि शिक्षणाचा खर्च उचलतो. पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी मुली, भटक्या जमातींतल्या, मालेगावच्या यंत्रमागांवर राबणाऱ्यांच्या, गावकुसाबाहेरच्या. जागा थोड्या आणि अर्ज भरमसाट, म्हणून प्रत्येकीच्या घरी जाऊन यायचं आणि मग यादी लावायची अशी पद्धत आहे.

सातवा नियम अध्यक्षांचा. त्यांचा अंबड एमआयडीसीत सुट्या भागांचा कारखाना आहे आणि मापात केसाएवढा फरक त्यांना खपत नाही. पूर्वी एकदा आमचे एक सदस्य एका घरी कोंबडीवर ताव मारून आले आणि त्या घरच्या मुलीचं नाव यादीत भराभर वर चढलं. तेव्हापासून अर्जदाराच्या घरी चहा, फराळ, पाणी, काहीही घ्यायचं नाही असं ठरलं. मला हा नियम फार आवडायचा. का आवडायचा, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

जून महिना होता, पावसाचा पत्ता नव्हता. मी आणि आमचा कार्यकर्ता मनमाडला गेलो. हा पेठकडचा, तिशीचा, वसतिगृहांतूनच शिकून वर आलेला. बोलतो कमी आणि बघतो जास्त. रुळांपलीकडच्या वस्तीत एका खोलीचं घर होतं. मुलगी अठरा वर्षांची, बारावीला उत्तम मार्क, नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळालेला. पण सकाळची ड्युटी सातला सुरू होणार, मनमाडहून रोज ये-जा करून ती कशी जमणार? वसतिगृह मिळालं तर शिक्षण, नाहीतर आईबरोबर स्टेशनवर झाडू. आई तिथे ठेकेदाराकडे सफाईला होती आणि ठेकेदारानं लेकीचीही जागा धरून ठेवली होती. त्या वस्तीची जात मी इथे लिहीत नाही. लिहिली की लोक समजल्यासारखी मान डोलावतात आणि पुढचं वाचायचं सोडून देतात.

मनमाडला नळ कधी येईल ते देवालाही सांगता येत नाही. कधी दोन आठवडे, कधी तीन. दाराशी निळा ड्रम होता, त्यावर स्वच्छ फडकं ताणून बांधलेलं. आईनं फडकं सोडलं, स्टीलचा पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. मी हात हलवला. "नको हं, आमचा नियम आहे तसा." ती पेला पत्र्याच्या पेटीवर ठेवून बाजूला बसली. मी प्रश्न विचारत राहिले. दहा मिनिटांनी उकाड्यानं घसा सुकला, तशी मी पिशवीतून माझी बाटली काढली, चार घोट प्यायले, झाकण लावलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

त्या वेळी आपण काही केलं असं मला वाटलंसुद्धा नाही.

यादीत त्या मुलीचं नाव पहिलं लागलं. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता यादी वसतिगृहाकडे जाणार होती आणि त्याआधी पालकांची सही हवी होती. गुरुवारी कार्यकर्ता ऑफिसात आला आणि बराच वेळ नुसत्या फायली सरळ करत राहिला.

"ताई, मनमाडच्या मुलीचा फोन होता. आई सही करत नाहीये."

"का?"

"आई म्हणते, ज्यांना आमचं पाणी चालत नाय, त्यांचं बाकीचं आम्हाला कशाला."

माझं डोकंच फिरलं. मी फटकळ आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. "नियम काय मी केलाय? अर्जामागे छापलाय चांगला. समजावून सांगायचा होतास तिला."

"सांगितला ना, त्याच दिवशी. त्यांनी मानलापण." फायलीवरची नजर त्यानं उचलली नाही. "बाटली नियमात नव्हती, ताई."

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललास मला?"

"तुम्हाला?" तो म्हणाला, आणि फायली कपाटात ठेवायला वळला. चार वर्षं आम्ही एकत्र फिरत होतो. त्या एका शब्दानं मला जेवढी लाज वाटली, तेवढी त्या आईच्या निरोपानंही वाटली नव्हती.

अध्यक्षांना फोन केला. ते ओरडले नाहीत, कधीच ओरडत नाहीत. म्हणाले, "शनिवारी पाचपर्यंत सही आली तर ती, नाहीतर यादीतली पुढची मुलगी. तिलाही गरज आहेच." त्यात चुकीचं काहीच नव्हतं, म्हणून भांडताही येईना.

शुक्रवारचा सगळा दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. माझं माहेर पंचवटीतलं, यात्रेकरूंचे विधी करणाऱ्यांचं. आमच्या मोरीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. संडास साफ करायला येणाऱ्या बाईचा. माझी आई तिला वरून चहा ओतायची आणि पिऊन झाल्यावर ती बाईच तो कप विसळून पालथा घालून जायची. हे मी संस्थेच्या कार्यक्रमांत सांगितलेलं आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. नाकानं कांदे सोलण्यात मी कधी मागे नव्हते. आणि आता येरझाऱ्या घालताना सातवा नियम मला का आवडायचा ते लख्ख दिसलं. तो होता म्हणून कोणाच्या घरी पाणी प्यायचं की नाही, हे मला कधी ठरवावंच लागलं नाही. नियमाच्या पदराआड माझा कोनाडा जसाच्या तसा शाबूत होता.

शनिवारी कार्यकर्ता बरोबर यायला तयार होईना. "मी आलो तर त्या माझ्याकडे बघून सही करतील," तो म्हणाला. "ते बरोबर होणार नाही." मी नाशिकरोडहून गाडी पकडली. बाटली मुद्दाम घरी ठेवली होती. मनात सगळं बसवलं होतं: जायचं, चूक कबूल करायची, पाणी मागायचं, गटागटा प्यायचं, सही घ्यायची.

दीड वाजता पोहोचले तर घरी मुलगी एकटीच. आईची ड्युटी दोनपर्यंत होती. मी उंबऱ्यापाशी सावलीत बसले. मुलीनं मला पाणी विचारलं नाही. ती विचारायला घाबरत होती आणि मी मागायला.

दोन वाजले, अडीच वाजले, आई आली नाही. मुलगी म्हणाली, गाडी लेट असली की फलाट पुन्हा झाडायला लावतात. तीन वाजता अध्यक्षांचा मेसेज आला: सही? मी उत्तर दिलं नाही. पत्रा तापून खोलीतून वाफा येत होत्या, माझी जीभ टाळूला चिकटत होती. मी आईला काय काय सांगणार ते मुलीला सांगायला लागले, तशी ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही लय बोलू नका. तिला लय बोललेलं आवडत नाय." मग थोडं थांबून, "सही झाली नाय तर सोमवारपासून मी पण ठेशनावर." ती बोटाला ओढणी गुंडाळत होती आणि पुन्हा सोडत होती. माझी नजर सारखी घड्याळाकडे जात होती. साडेतीन. चार.

सव्वाचारला आई आली. मला बघून तिचा चेहरा जराही हलला नाही. मी उभी राहिले.

"त्या दिवशी माझं चुकलं," मी म्हटलं. "मला थोडं पाणी द्याल का?"

चपला काढता काढता ती थांबली. "तहान लागली म्हणून मागताय, का सहीसाठी?"

तहान तर इतकी लागली होती की नीट बोलवत नव्हतं. पण तिच्या नजरेसमोर खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"सहीसाठी," मी म्हटलं.

"मग राहू द्या."

ती आत गेली, मगभर पाण्यात हातपाय धुतले, पदरानं तोंड पुसलं. संपलं, असं मला वाटलं. एका मुलीचं शिक्षण मी एका बाटलीपायी घालवलं.

आईनं मुलीला विचारलं, "जायचंय तुला?"

"हो."

"यांच्याकडं?"

"यांच्याकडं नाय," मुलगी म्हणाली. "नर्सिंगला."

आईनं पेटीवरचं सामान बाजूला सारलं. मग माझ्याकडे हात केला. मी कागद आणि पेन दिलं. तिनं पेटीवर कागद ठेवून एकेक अक्षर जुळवत सही केली. घाई नाही, काही नाही, आणि माझा जीव मात्र प्रत्येक अक्षराला वर-खाली होत होता. साडेचार वाजून गेले होते. मी फोटो काढून कार्यकर्त्याला पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि लगेच उत्तर आलं: दिली पुढे.

मी आभार मानले, पिशवी उचलली.

"थांबा," ती म्हणाली. ड्रमवरचं फडकं सोडून तिनं पेला भरला. "आता तुमचं काय अडलं नाय. आता प्यायचं तर प्या."

मी पेला घेतला, ओठाला लावला, आणि माझा घसा अडला. तीन तास पाण्यासाठी तडफडत होते आणि तरी अडला. क्षणभरच. साठीची बाई, इतकी वर्षं समतेवर बोलणारी, आणि जित्याची खोड अशी ऐन वेळी वर आली. ती समोरच उभी होती. तिनं ते पाहिलं, आणि तिनं पाहिलं हे मला कळलं. मग मी प्यायले, पेला पूर्ण रिकामा होईपर्यंत.

तिच्याकडे बघवेना, म्हणून मी पेला विसळायला मोरीकडे वळले. कोनाड्यातला तो कप डोळ्यांसमोर होता. निदान एवढं तरी आपल्या हातानं करावं असं वाटलं.

"ठेवा तिथंच," ती म्हणाली. "धुवायला पाणी लागतं. नळ कवा येईल त्याचा नेम नाय."

मी पेला पेटीवर ठेवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती पहाटेपासून उभी होती आणि घरी आल्यापासून स्वतः पाणी प्यायलीच नव्हती. तिनं तो माझा उष्टा पेला उचलला, तसाच अर्धा भरला आणि उभ्या उभ्याच पिऊन टाकला.