‘पांढरी’चं भाषांतर

“पांढरी मतलब?” जजसाहेबांनी कागदावरची नजर न उचलता विचारलं.

“व्हाइट, सर,” मी म्हणालो.

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. शाळेतल्या पोरालाही आला असता असा तो शब्द होता. साहेबांनी माझ्या भाषांतरात त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि सुनावणी पुढे सुरू झाली.

मी कोर्टात ट्रान्सलेटर होतो. जुने कागद मोडीत असत. मोडी म्हणजे पूर्वी कारकून हात न उचलता भराभर लिहीत, ती जोडलिपी. ते कागद वाचायचे, इंग्रजीत उतरवायचे आणि साक्षीदार बोलेल ते साहेबांना सांगायचं, हे माझं काम. मुंबई राज्य तेव्हा एकच होतं. गुजरात वेगळा झाला नव्हता. आमचे जजसाहेब सुरतेकडचे. मराठी त्यांना कामापुरती कळे. मी स्वतः गिरगावात वाढलेला. मोडी क्लासात शिकलो, परीक्षा दिली आणि पहिलं पोस्टिंग मिळालं ते या किनाऱ्यावरच्या तालुक्याला. खेड्यात त्याआधी मी एक रात्रही राहिलो नव्हतो.

दावा एका घराच्या जागेचा होता. बोर्लीच्या बाजाराहून तासाभराच्या चालीवर एक लहान गाव. तिथे येसूबाई नावाची विधवा तिच्या आंधळ्या सासऱ्याला घेऊन राहत होती. नवरा मुंबईला गिरणीत असताना क्षयाने गेला. मूल नव्हतं. घर कौलारू, दोन खणांचं, आणि पुढे सारवलेलं अंगण. घराला लागून गावच्या मोठ्या बागायतदारांची सुपारीची वाडी होती. त्यांना वाडी वाढवायची होती. त्यांनी दावा लावला की हे घर आमच्या जमिनीवर आहे, जागा मोकळी करून मिळावी.

येसूबाईकडे एकच कागद होता. बागायतदारांच्या पणजोबांनी तिच्या आजेसासऱ्यांना लिहून दिलेला. त्यात एक ओळ महत्त्वाची होती : ‘काळी आमचेकडे, पांढरी तुमचेकडे वंशपरंपरा चालेल.’

मी लिहिलं : ब्लॅक लँड आमच्याकडे, व्हाइट लँड तुमच्याकडे.

बागायतदारांचे वकील अलिबागेहून येत. हुशार माणूस. ते उभे राहिले.

“युवर ऑनर, या बाईंचं घर तांबड्या मातीवर आहे. काळ्याही नाही, पांढऱ्याही नाही. पांढरी जमीन त्यांच्याकडे आहेच. समुद्रालगत वाळूचा एक पट्टा आहे, तो त्यांच्या घराण्याच्या वहिवाटीत आहे. पांढराशुभ्र. तो आम्ही मागतच नाही.”

साहेबांनी मान डोलावली. मलाही ते पटलं.

येसूबाईला वकील नव्हता. ती पिंजऱ्यात उभी राहिली. पदर घट्ट धरलेला. वय असेल पस्तीस.

“सायेब, मी पांढऱ्या कपालाची बाई,” ती म्हणाली.

हे मी बरोबर सांगितलं. शब्दशः न सांगता ‘मी विधवा आहे’ असं सांगितलं आणि मनातल्या मनात स्वतःवर खूष झालो.

“लोक मना पांढऱ्या पायाची बोलतात. घरात आली नि वरसात नवरा गेला, म्हनून.”

हेही मी नीट समजावलं. अपशकुनी समजतात, असं.

मग ती म्हणाली, “पर पांढरी माजी हाय. ती गेली तर आंधल्या मानसाला घेऊन मी जाऊ कुठं?”

मी भाषांतर केलं. व्हाइट लँड माझी आहे, ती जाईल अशी मला भीती वाटते.

वकील लगेच म्हणाले, “ती कोण घेतंय, युवर ऑनर? आमची लेखी हमी घ्या.”

निकाल महिन्याभराने लागला. व्हाइट लँड प्रतिवादीची, घराखालची जागा वादीची. निकाल इंग्रजीत होता. येसूबाई व्हरांड्यात थांबली होती. तिने मला गाठलं.

“भाऊ, काय झालं आमचं?”

मी घाईत होतो. पुढची केस पुकारली होती. मी म्हणालो, “पांढरी तुमचीच राहिली, बाई.”

तिने तिथेच दोन्ही हात जोडून जमिनीला डोकं टेकवलं. मग माझ्या हातात केळीच्या पानात बांधलेली अबोलीची वेणी दिली. देवाला म्हणून आणली होती, “आता तुमच्या घरच्या वयनींना द्या” म्हणाली. माझं लग्न व्हायचं होतं. मी ती टेबलावर ठेवली.

अपिलाची मुदत निघून गेली. जिंकलेलं माणूस अपील कशाला करेल?

वैशाखात जागेचा ताबा देण्यासाठी आमचे बेलीफ गेले. कोर्टाचा हुकूम प्रत्यक्ष बजावतो तो बेलीफ. त्यांचं नाव रामजी, आम्ही सगळे रामजीमामा म्हणत असू. म्हसळ्याच्या आतल्या गावचे, भातशेतीवाले. दुसऱ्या दिवशी ते कोर्टात आले ते थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“भाऊसायेब, त्या कागदात काय लिवलं व्हतं?”

“पांढरी त्यांची, काळी यांची.”

“मग मी काल कुनाला भायेर काडलं?”

मला काही समजेना.

“ती बाई मना बोलते, मामा, चुकून आलाव तुमी. कोर्टानं पांढरी माजी ठरवली. मी बोललो, हुकूम हाय. म्हाताऱ्याला खाटेसकट उचलला आमी. तो इचारत व्हता, मना परत कवा आननार?” मामा थांबले. “भाऊसायेब, पांढरी म्हंजी घरं. मानसं ऱ्हातात ती जागा. काळी म्हंजी शेत. माती लाल असली तरी शेत ती काळीच. तुमाला ठावं न्हवतं?”

मला ठाऊक नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी बोर्लीला एका निवृत्त मास्तरांकडे गेलो. मोडी कागदांत त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी मला शांतपणे सांगितलं. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका ठिकाणी राहिली की चुलीची राख, भिंतीची माती, चुना असं सगळं मिसळून तिथली जमीन फिकी पडते. म्हणून वस्तीची जागा ती पांढरी, पांढर. पुढे पुढे अख्ख्या गावालाच पांढर म्हणू लागले. रंग मागे राहिला, अर्थ तेवढा उरला. हे लिहिणं मूळ घाटावरचं, पण कारकुनांबरोबर इकडेही आलं. “मूळ शब्द पांडुर,” मास्तर म्हणाले. “त्यापासूनच तुझा पांढरपेशा. कपडे मळत नाहीत तो.”

ते टोचून बोलले नव्हते. मला मात्र मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी वकिलांना गाठलं. “तुम्हाला अर्थ माहीत होता?”

“मी कोकणातला आहे,” ते म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“मी खोटं काय बोललो? भाषांतर तुमचं होतं.”

मी साहेबांच्या चेंबरमध्ये गेलो आणि लेखी नोट पुढे केली. चूक माझी, ती काय होती आणि खरा अर्थ काय. साहेबांनी ती दोनदा वाचली.

“ये तो नौकरी पे आ सकता है,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“बाईला सांगा, रिव्ह्यूचा अर्ज देवो.”

रिव्ह्यू म्हणजे त्याच कोर्टाने आपला निकाल पुन्हा तपासणं. एका वयस्क वकिलांनी अर्ज लिहून दिला. तो घेऊन मी स्वतः येसूबाईचा अंगठा घ्यायला गेलो. ती वाळूच्या पट्ट्यावर होती. नारळीच्या झापांची खोपी, तीन बाजू बंद, एक उघडी. घर तोवर उतरवलं होतं. कौलं वाडीच्या गड्याने रचून ठेवली होती. म्हातारा खाटेवर बसून हाताने जमीन चाचपत होता.

“येसू, अंगन सारवलंस न्हाय?” तो म्हणाला.

“सारवते, बाबा,” ती म्हणाली. वाळू कुठे सारवता येते?

मी तिला सगळं सांगितलं. माझ्यामुळे झालं, हेही सांगितलं. ती रागावली नाही. मग विचारलं, “म्हंजी त्या दिशी मी हरली व्हती?”

“हो.”

“नि मी गावात साखर वाटली.”

तिने अंगठा दिला.

तारखा पडत गेल्या. पावसाळ्यात खोपीत ओल आली. म्हाताऱ्याच्या छातीत कफ साठला. श्रीवर्धनच्या दवाखान्यात न्यायचं तर डोलीला माणसं मिळेनात. श्रावणात तो गेला. रामजीमामा मातीला जाऊन आले. म्हातारा शेवटपर्यंत घरी जायचं म्हणत होता, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

दिवाळीनंतर निकाल बदलला. पांढरी म्हणजे घराची जागा, ती येसूबाईची. साहेबांनी निकालात माझ्या चुकीचा उल्लेख केला आणि ती मी आपणहून कळवली हेही लिहिलं. माझी एक वेतनवाढ थांबली. नोकरी राहिली.

या वेळी मी व्हरांड्यात तिच्यासमोर उकिडवा बसलो. निकाल मराठीत, ओळीने सांगितला. मग म्हणालो, “बाई, आता तुम्हाला काय मिळालं ते तुमच्या शब्दांत मला सांगा.”

तिने थोडा विचार केला.

“जागा मिलाली,” ती म्हणाली. “घर व्हतं, ते न्हाय. बाबा व्हते, ते न्हाय. जागा हाय.”

बरोबर होतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

पुढे तीस वर्षं मी हेच काम केलं. अवघड शब्द आला की ट्रान्सलेटर कोशात बघतो, चारजणांना विचारतो. म्हणून तो सहसा चुकत नाही. मी सोपे शब्द विचारायला लागलो. पाणी, वाट, माती, घर. तुमच्याकडे याला काय म्हणतात, असं साक्षीदाराला विचारायचो. नवे साहेब वैतागायचे, वेळ फार जातो म्हणायचे. जायचाच.