चारुताचे चार खंड आणि माझी खवणी

माझी धाकटी जाऊ चारुता सत्तेचाळीस वर्षांची. इथे झाशीतच एका इंटर कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. या वयात बायका गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगतात. हिने पेटंट एजंटच्या परीक्षेचा अर्ज भरला. कोणी नवं यंत्र काढलं की त्याचा हक्क मिळवायला सरकारला त्याचं बिनचूक वर्णन द्यावं लागतं. ते लिहून देतो तो पेटंट एजंट, एवढं मलाही आता पाठ झालंय.

पुण्याहून कुरिअरने छापील नोट्सचे चार जाडजूड खंड आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी असा ठिय्या दिला की आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. "अगं, पोथीसुद्धा एवढी जाड नसते!" मी म्हणायची. ती हसायची आणि पान उलटायची.

कायद्याचा पेपर तिला सोपा जायचा. वर्णन लिहिण्याच्या पेपरात मात्र दोनदा आपटली, दुसऱ्यांदा तर तीनच मार्कांनी. "वहिनी, यंदा शेवटचं. नाही जमलं तर खंड रद्दीत," ती म्हणाली. म्हणाली हसूनच, पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

चौथ्या खंडातलं एक वाक्य तिने लाल शाईने अधोरेखित केलं होतं: वाचणाऱ्याने ही वस्तू कधीच पाहिलेली नाही, असं धरून लिहा. मग काय, घरातल्या एकेका वस्तूवर ती लिहीत सुटली. पण वाचणारे आम्हीच, आणि आम्हाला सगळं आधीच ठाऊक! शेवटी मी वैतागून म्हटलं, "माझ्या खवणीवर लिही आणि दे ओरछा गेटच्या हरगोविंदला. लोहारकाम, सुतारकाम दोन्ही करतो. इकडे नारळ देवळात फोडतात, खवतो कोण? त्याने खवणी कुठली पाहायला!"

तिने हिंदीत दीड पान लिहिलं. फळी किती लांब, पुढे लोखंडी मान किती उंच, टोकाला गोल पातं, त्याला दाते किती. आठ दिवसांनी हरगोविंद खवणी घेऊन घरी आला. हुबेहूब! चारुता टाळ्या पिटायला लागली. मी त्याच्या हातात नारळाची वाटी दिली आणि म्हटलं, "चलाओ भैया."

त्याने खवणी जमिनीवर ठेवली, समोर उकिडवा बसला आणि वाटी दात्यांवर दाबली. खवणी कोलांटी खाऊन त्याच्या पायावर आली. पुन्हा ठेवली, पुन्हा उलटली.

"भौजी, बना तो दओ, पै जौ तौ उलट जात है! दीवार में ठोंक दें का?"

मी फळीवर बसले आणि खराखरा अर्धी वाटी खवली.

"अरे! ऊपर बैठनो है?" हरगोविंद ओरडला. "जा बात कागज में कहाँ लिखी है?"

खरंच, फळीवर बसायचं हे कागदात कुठेच नव्हतं. चारुताचा चेहरा पडला. मग एकदम उजळला. माझ्या गळ्यात पडून ती नाचायलाच लागली. "वहिनी, सापडलं! माझे मार्क कुठे जातात ते सापडलं!" हरगोविंद पोट धरून हसत होता, आणि त्या दिवशी त्याला ओल्या नारळाच्या करंज्या खाल्ल्याशिवाय आम्ही सोडलं नाही.

तिसऱ्या खेपेला चारुता पास झाली. वर्णनाच्या पेपरात बहात्तर मार्क! मी गल्लीभर पेढे वाटले, जणू मीच पास झाले.

आता तिच्या कॉलेजातल्या सहकारी शर्वरीला ती परीक्षा द्यायची आहे, म्हणून खंड तिला द्यायचे ठरले. देण्याआधी मी ते पुसायला घेतले. चौथ्या खंडात त्या लाल वाक्याशेजारी समासात चारुताने तीनच शब्द लिहिले होते: 'वर वहिनी बसतात.'

पस्तीस वर्षं मी त्या फळीवर बसून नारळ खवले. घरात कोणाला ते दिसलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

शर्वरीला मी तीनच खंड दिले. चौथ्याची झेरॉक्स काढून घे म्हटलं.